आरसे उतरवा, हॉर्न विसरा: कोकणातून पहिल्या ट्रॅक डेला जाताना

आंबा घाट तोंडपाठ आहे, कुंभार्ली भर पावसात उतरलेला आहे, कशेडीचा बोगदा व्हायच्या आधीपासून मुंबई-गोवा मारतो आहे, अशा रायडरला ट्रॅक डेला, म्हणजे आपली बाइक रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला, जायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास पडतो: "गाडीला काय काय लावून घेऊ?" एक्झॉस्ट, फिल्टर, मऊ रबराचे टायर, यादी तयारच असते. माझं म्हणणं उलटं आहे. लावायचं फार थोडं असतं, काढायचं भरपूर. थोडं गाडीवरून काढायचं, आणि त्याहून जास्त घाटाने आपल्या अंगात मुरवलेलं काढायचं. पहिल्या कामाला पाना लागतो. दुसऱ्याला दोन महिने लागतात, म्हणून सुरुवात लवकर करा.

आधी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. ट्रॅक डेला नंबर लागत नाही, बक्षीस नसतं. पैसे भरायचे, आपल्या वकुबाच्या गटात नाव घालायचं आणि दिवसभरात पंधरा-वीस मिनिटांची काही सत्रं चालवायची. रेस लावायची तर एफएमएससीआय या मोटरस्पोर्ट महासंघाचं लायसन्स लागतं. ट्रॅक डेला सहसा आपलं नेहमीचं ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं.

कुठला ट्रॅक, कुठला महिना

कोकणात बाइकचा रेस ट्रॅक नाही, त्यामुळे घाट चढून दक्षिणेला जाणं आलंच. पहिल्या वेळेसाठी दोन नावं लक्षात ठेवा. कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे हा सुमारे २.१ किलोमीटरचा, आटोपशीर ट्रॅक आहे. आरटीआर, आर१५, एनएस२००, आरसी अशा गाड्यांना तो बरोबर बसतो, कारण सरळ रस्ता बेताचा आणि वळणं पटापट येतात. दुसरा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला. जुने लोक त्याला अजून एमएमआरटी म्हणतात, आता नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट. लांबी सुमारे ३.७ किलोमीटर, वळणं बारा. रत्नागिरीकराला त्यात एक मजा आहे: आंबा घाट चढून कोल्हापूरला राष्ट्रीय महामार्ग ४८ पकडला की तोच रस्ता बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत थेट या ट्रॅकच्या शेजारून चेन्नईत शिरतो. सिंधुदुर्गातले लोक आंबोलीने बेळगावला येऊन त्याच रस्त्याला लागतात.

ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट (५.१२५ किलोमीटर, २०२३ मध्ये मोटोजीपी झाली तेच) पहिल्या वेळी नको. लांब तर आहेच, शिवाय मागचा सरळ भाग किलोमीटरभराचा. छोट्या गाडीवर तिथे नुसतं टाकीला चिकटून बसावं लागतं आणि मोठ्या गाडीवर वेग अंगावर येतो. शिकायचं असतं वळण, आणि ते छोट्या ट्रॅकवर तासाला जास्त वेळा मिळतं.

महिना जानेवारी ते मार्चची सुरुवात. आपल्याकडचा पाऊस जून ते सप्टेंबर, पण चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात असतो, हे आपण विसरतो आणि दिवाळीच्या सुट्टीत बुकिंग करून बसतो. एप्रिल-मे मध्ये लेदर सूट घालून तिथल्या उन्हात उभं राहणं ही शिक्षा आहे.

बुकिंग करताना आयोजकाला चार गोष्टी विचारा: नवशिक्यांचा वेगळा गट आहे का, त्या गटाबरोबर प्रशिक्षक असतो का, अॅम्ब्युलन्स दिवसभर ट्रॅकवर उभी असते का, आणि ओव्हरटेकचा नियम काय. चौथ्याचं उत्तर "नियम काही नाही, जपून चालवा" असं आलं तर पैसे भरू नका. दुचाकी कंपन्या आपल्या ग्राहकांसाठी ट्रॅक डे घेतात, ते नवख्यासाठी उत्तम. सगळ्यांच्या गाड्या साधारण एकाच ताकदीच्या असतात, त्यामुळे हजार सीसीवाला कानाजवळून सुटत जात नाही.

गाडी उघडा: खारा वारा आणि तांबडी माती

पुण्यातल्या मित्राची यादी घेऊन तयारी करू नका. तुमची गाडी समुद्राच्या वाऱ्यात उभी असते आणि जांभ्याच्या धुळीत चालते. तिचे आजार वेगळे.

सुरुवात पुढच्या ब्रेकपासून. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, सोडवून हातात घ्या. ज्या पिनांवर तो आत-बाहेर सरकतो त्या अंगठ्याने दाबून बघा. सहज सरकायला हव्यात. समुद्रकाठच्या गाड्यांमध्ये रबरी टोपीच्या आत मिठाची आणि गंजाची खरखर साठते, अॅल्युमिनियमवर पांढरट पूड धरते आणि पिन जाम होते. मग दोन पॅडपैकी एकच काम करतो. पॅड बाहेर काढून शेजारी-शेजारी धरा: एक जाड आणि एक झिजलेला, किंवा एकच पॅड तिरका झिजलेला दिसला की समजा पिना धरल्या आहेत. साफ करून, ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावून परत बसवा. साधं ग्रीस उष्णतेने वितळून पॅडवर येतं, ते चालणार नाही. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर नवे टाका. रस्त्यावर ते अजून सहा महिने गेले असते, पण ट्रॅकवर एका दिवसात तळाला लागू शकतात.

मग ब्रेक ऑइल. इथे गॅरेजमध्ये ठरलेला संवाद होतो.

"ओ दादा, ब्रेक लागतोय ना चांगला? मग कशाला उगाच बदलताय?"

"ट्रॅकवर न्यायचीय गाडी."

"मग तर एक्झॉस्टचं बघा, ऑइलचं काय घेऊन बसलात!"

दादाचं चुकत नाही, रस्त्यावर त्या ऑइलने काहीच बिघडत नसतं. पण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि चार महिने भिंतींना बुरशी धरते त्या हवेत जरा जास्तच. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलं की तोच १५५ च्या आसपास येतो. घाट उतरताना दोन वळणांच्या मध्ये ब्रेकला वारा मिळतो. ट्रॅकवर वीस मिनिटं, प्रत्येक फेरीत चार-पाच वेळा जोरात ब्रेक दाबला जातो. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि लिव्हर मऊ पडत हँडलपर्यंत येतो. नेमका सरळ रस्त्याच्या टोकाला. त्यामुळे दोन्ही ब्रेकचं ऑइल नवं, सीलबंद डबीतलं, हवा पूर्ण काढून. उघडून ठेवलेली अर्धी डबी दादांनी पुढे केली तर नको म्हणा.

पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर नख फिरवा. खाऱ्या वाऱ्याने बारीक खड्डे पडलेले असतील तर नख अडकतं. त्याच खड्ड्यांनी ऑइल सील फाटतं, आणि गळणारं ऑइल सरळ पुढच्या डिस्कवर येतं. तेलकट गोल कडी दिसली की सील बदलल्याशिवाय घरातून निघू नका. गेटवरच्या तपासणीत तशी गाडी परत पाठवतात, आणि बरोबर करतात.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, बघायला पुढचं चाक उचलून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध कुठे खटकन अडल्यासारखं झालं तर महामार्गाच्या कामातल्या इतक्या वर्षांच्या खड्ड्यांनी आपलं काम केलं आहे असं समजा. रस्त्यावर ते जाणवत नाही. झुकलेल्या गाडीला मात्र ती अडचण लगेच कळते. तेव्हाच रिमही फिरवून बघा, वाकलेला आहे का.

चेनचा ढिलेपणा चाक फिरवत चार ठिकाणी मोजा. गंजलेली चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असते. मापं पुस्तिकेत असतात. अशी असमान चेन घट्ट करून प्रश्न सुटत नाही, सेट बदलावा लागतो. एअर फिल्टर उघडा. जांभ्याची धूळ असेल तर तो विटकरी झालेला असेल, नवा टाका. इंजिन ऑइल ताजं आणि पातळी वरच्या खुणेजवळ.

टायरबद्दल दोन-तीन गोष्टी. बाजूच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांहून जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो. पंक्चरची पट्टी मारलेला टायर ट्रॅकवर नेऊ नका, एकही पट्टी नको. आणि पहिल्याच वेळी खास ट्रॅकचे मऊ टायर घेण्याचा मोह टाळा. ते चांगले तापले तरच धरतात, आणि नवख्याच्या वेगाला ते तापतच नाहीत. चांगल्या अवस्थेतले नेहमीचे रोड टायर तुमच्या पहिल्या दिवसाला पुरून उरतात.

लिक्विड कूल्ड गाडी असेल तर आयोजकाला कूलंटचं विचारा. ग्लायकॉलवाला कूलंट ट्रॅकवर सांडला तर तो जाग्यावर साबण ओतल्यासारखा निसरडा होतो आणि सहज धुतला जात नाही, म्हणून बरेच आयोजक डिस्टिल्ड वॉटर भरायला लावतात. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, त्यामुळे चालतं. एअर कूल्ड आणि ऑइल कूल्डवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

अंगावरचं

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं. जबडा वर उघडणारं फ्लिप-अप बहुतेक ठिकाणी चालत नाही. डबल डी-रिंगचा, म्हणजे दोन कड्यांतून ओवून आवळायचा पट्टा हवा. ईसीई २२.०६ या सुरक्षा मानकाचा शिक्का असेल तर उत्तम. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही नवं दिसलं तरी बाद समजा.

सूट लेदरचा. एकसंध असो किंवा कमरेला पूर्ण चेनने जोडला जाणारा दोन भागांचा. टेक्स्टाइल जॅकेट आणि जीन्स इथे उपयोगाचे नाहीत, घसरताना कापड फाटतं. पाठीला सीई लेव्हल २ चा बॅक प्रोटेक्टर, मनगट झाकणारे लेदरचे हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. पहिल्या वेळी सूट भाड्याने घ्या. दोन सत्रांतच कळतं की आपल्याला तो कुठे घट्ट हवा आणि कुठे सैल. विकत घेतलाच तर एक कोकणी अडचण आहेच: पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेदरला हिरवी बुरशी येते. दमट कोपरा टाळून, हँगरवर, अधूनमधून पंख्याखाली वारं देत ठेवावा लागतो.

सूटच्या आत सुती बनियन नको, घामाने चिकटतो. क्रिकेटवाले घालतात तसा अंगाला बसणारा टीशर्ट आणि पँट चालते. इअरप्लग घ्या. वाऱ्याचा आवाज कमी झाला की डोकं किती शांत चालतं ते पहिल्याच सत्रात कळेल.

घाटाने शिकवलेलं काढायचं कसं

आता खरं काम. घाटात जगलेल्या रायडरला तोल कळतो, गिअर कळतो, उताराची समज असते. हे सगळं भांडवल आहे. पण घाटाने त्याला जिवंत ठेवण्यासाठी काही प्रतिक्षिप्त क्रिया शिकवलेल्या असतात, आणि त्या ट्रॅकवर नडतात.

पहिली नजरेची. घाटात आपण दहा-पंधरा मीटरवर बघतो, कारण तिथे खड्डा, खडी, शेण, नाहीतर रस्त्यात बसलेलं माकड असतं. ट्रॅकचा डांबर स्वच्छ असतो, म्हणजे ती नजर आता उचलायला हवी. क्रम असा: सरळ रस्त्यावर असतानाच ब्रेकची खूण शोधायची, ब्रेक लावताना वळायला सुरुवात करायची जागा बघायची, तिथे पोचायच्या आतच वळणाचा आतला टोकाचा बिंदू, म्हणजे एपेक्स, आणि एपेक्सला पोचायच्या आधी बाहेर पडायची कड. प्रत्येक वेळी डोळे गाडीच्या एक पाऊल पुढे. याचा सराव गावातल्या रस्त्यावर साठच्या आत, नियम पाळूनही करता येतो. वळणात मान पूर्ण फिरवून, रस्ता दिसतो तिथल्या शेवटच्या टोकाला बघायचं. आठवड्याभरात सवय लागते.

दुसरी सवय क्लचवर दोन बोटं ठेवून चालण्याची. एसटी अचानक वळणातून आली तर उपयोगी पडते, पण ट्रॅकवर त्याच बोटांनी आपण नकळत क्लच ओढतो, गाडी वळणाच्या मध्यात मोकळी सुटते आणि बाहेर जाते. चारही बोटं हँडलवर घ्या. तसंच वळणात काही खटकलं की ॲक्सिलरेटर फटकन सोडण्याची सवय. त्याने वजन पुढच्या टायरवर कोसळतं, मागचा टायर हलका होतो, सस्पेन्शन खाली बसतं, आणि मागून येणाऱ्याचा अंदाज चुकतो. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायचा. आत शिरल्यावर ॲक्सिलरेटर हळूहळू उघडत न्यायचा. आत शिरताना वेग थोडा कमीच वाटला पाहिजे. पहिल्या दिवशी तो बरोबर असतो.

तिसरी, मागचा ब्रेक. उतरताना मागच्या ब्रेकवर आणि इंजिनवर गाडी आणणं ही आपली पद्धत. ट्रॅकवर काम पुढच्या ब्रेकचं आहे: आधी लिव्हरची ढील घ्यायची, मग दाब वाढवत न्यायचा, आणि वळताना तसाच हळूहळू सोडायचा. एकदम सोडला की पुढचा शॉकअप उसळतो आणि वळणाची रेषा बिघडते. हा सराव परवानगी घेऊन मिळालेल्या बंद, स्वच्छ मैदानावर करा. चाळीसवरून, मग साठवरून. जांभ्याच्या सड्यावर नको, तिथे सुट्या गोट्या असतात. समुद्रकिनाऱ्यावर तर अजिबात नको. गुहागर, दिवेआगरच्या वाळूत बाइक घालणाऱ्या हौशी लोकांच्या गाड्यांची चेन आणि बेअरिंग काय होतात ते कुठल्याही किनाऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला विचारा.

चौथी आरशांची. ट्रॅकवर आरसे नसतात, आणि मागे वळून बघायचंही नाही. मागून कोण येतंय ही त्याची जबाबदारी आहे. तुम्ही आपली रेषा बदलायची नाही, एवढंच. आपल्याकडे डावीकडे दबून जागा देणं ही सभ्यता मानतात. ट्रॅकवर तुम्ही सभ्यपणे डावीकडे सरकलात तर नेमकं तिकडूनच कोणी येत असतं.

घाटात मात्र हा सराव करू नका. ट्रॅकवरची रेषा रस्त्याची पूर्ण रुंदी वापरते. आंबा घाटात त्या रुंदीचा अर्धा भाग समोरून येणाऱ्या ट्रकचा आहे.

अंगाचं थोडक्यात: महिनाभर बैठका, प्लँक, थोडं पळणं. ट्रॅकवर गाडी मांड्यांनी टाकीला धरायची आणि हात सैल सोडायचे. मांड्या दमल्या की माणूस हँडलला लोंबकळतो आणि तिथून चुका सुरू होतात. सैलपणा तपासायचा सोपा उपाय: सरळ रस्त्यावर दोन्ही कोपरं पंखासारखी जरा हलवून बघा. हलत नसतील तर हँडल आवळून धरलंय.

गाडी न्यायची कशी

स्वतः चालवत जाणं शूरपणाचं असलं तरी माझ्या मते चूक आहे. हजार-अकराशे किलोमीटर चालवून पोचलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ट्रॅकवर उभा राहतो तेव्हा त्याची नजर आधीच थकलेली असते. आणि गाडी पडली तर परत कशी आणायची? जायचंच असेल चालवत, तर मध्ये एक पूर्ण दिवस झोपेचा ठेवा.

तिघा-चौघांनी मिळून बोलेरो पिकअप भाड्याने करणं सगळ्यात बरं. मार्च उजाडला की पिकअप आंब्याच्या पेट्यांना लागतात आणि भाव चढतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीचा ट्रॅक डे आणखी सोयीचा. गाडी स्टँडवर बांधायची नाही. पुढचं चाक हौद्याच्या भिंतीला टेकवायचं, पुढच्या शॉकअपच्या खालच्या त्रिकोणी पट्टीला मऊ पट्टे घालून दोन्ही बाजूंनी रॅचेट बेल्टने ताणायची, शॉकअप निम्मे दबतील एवढी. मग मागून दोन बेल्ट. हँडलच्या टोकांना दोरी बांधली तर ती पहिल्या गतिरोधकाला सैल होते. पन्नास किलोमीटरवर थांबून बेल्ट पुन्हा तपासा, नंतर दर जेवणाला.

रेल्वेने पार्सल करायची तर टाकीतलं पेट्रोल पूर्ण रिकामं करावं लागतं, आरसीची प्रत लागते, आणि गोणपाट गुंडाळून देणारे स्टेशनाबाहेर मिळतात. तुमची गाडी आणि तुम्ही एकाच दिवशी पोचाल असं गृहीत धरू नका.

कागद आणि पैसे

गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग, वेगचाचणी असा वापर वगळलेला असतो, त्यामुळे ट्रॅकवरचं नुकसान आपल्याच खिशातून जाईल असं धरून चला. आरोग्य विम्यात साहसी खेळांचं कलम सहसा व्यावसायिक सहभागाबद्दल असतं, पण पॉलिसी काढून वाचा आणि कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर ठेवा. फीशिवाय वेगळी रक्कम बाजूला काढा, पडझडीची: लिव्हर, फूटरेस्ट, इंडिकेटर, फेअरिंग. ती रक्कम जाण्याची तयारी नसेल तर शाळेची किंवा कंपनीची गाडी भाड्याने मिळणारा दिवस निवडा.

बरोबर घ्यायचं: मूळ लायसन्स, रक्तगटाची नोंद, हवेचा गेज आणि पायपंप, पाने, जादा ब्रेक आणि क्लच लिव्हर, झिप टाय, चिकटपट्टी, चेनचं स्प्रे, जुने कपडे पुसायला, पाण्याचा मोठा कॅन, आणि ताडपत्री. सावलीची जागा आधी येणाऱ्यालाच मिळते. सोबत कोकम सरबत आणि ओआरएस. ऊन आणि लेदर एकत्र आले की नुसतं पाणी पुरत नाही, त्यामुळे आदल्या दिवसापासूनच पीत राहा. आदल्या रात्री दारू नाही. दुपारच्या जेवणाला भात रेटून घेऊ नका, दोन वाजताच्या सत्रात डोळे मिटायला लागतात.

ट्रॅकवरचा दिवस

पोचल्यावर आरसे, नंबर प्लेट, मोबाइल होल्डर, साडी गार्ड, लेग गार्ड उतरवा. लेग गार्डबद्दल आपल्या लोकांचा जीव तुटतो, पण तो घसरताना डांबरात किंवा मातीत रुततो आणि गाडी उलटी फेकतो. बहुतेक आयोजक तो असलेली गाडी आत घेत नाहीत. हेडलाइट, इंडिकेटर, टेललाइटवर चिकटपट्टी, म्हणजे काचा फुटल्या तर ट्रॅकवर पसरणार नाहीत. स्पीडोमीटरवरही एक पट्टी मारा. आकडा बघत बसलात की वळण चुकतं.

हवा प्रशिक्षकाला विचारून ठरवा. टायर तापला की आतला दाब वाढतो, म्हणून थंड टायरमध्ये रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवतात. सत्र संपवून पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या जागी) आल्याआल्या, गप्पा मारायच्या आधी, गरम दाब मोजा आणि लिहून ठेवा.

सकाळची ब्रीफिंग पूर्ण ऐका. झेंडे पाठ हवेत: पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, एकदम ब्रेक न मारता हळू होत पिटकडे. काळा तुमच्याकडे दाखवला तर आत या, गाडीत किंवा तुमच्या चालवण्यात काहीतरी आहे. निळा म्हणजे मागे वेगवान माणूस आहे, तुम्ही रेषा सोडू नका. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे तेल किंवा पाणी सांडलंय. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा म्हणजे संपलं. पहिल्या फेरीत मुद्दाम प्रत्येक मार्शलची, म्हणजे झेंडे दाखवणाऱ्या माणसाची, जागा बघून घ्या, नाहीतर झेंडा शोधायलाच वेळ जातो.

पहिलं सत्र प्रशिक्षकाच्या मागे, टायर आणि डोकं दोन्ही गरम करण्यासाठी. बरेच प्रशिक्षक सुरुवातीला एकाच गिअरमध्ये, ब्रेकला जवळपास हात न लावता चालवायला लावतात. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग मद्रासच्या ट्रॅकवर भरत आले आहेत, त्यांचीही सुरुवात अशीच असते. कंटाळवाणं वाटतं. पण गिअर आणि ब्रेक बाजूला गेले की नजर आणि ॲक्सिलरेटर एवढंच उरतं, आणि वळणात शिरायचा वेग अंगाला कळायला लागतो. दुसऱ्या सत्रात दोनच वळणं निवडा आणि फक्त त्यांच्यावर काम करा. बाकीची नुसती पार करा.

पिटमध्ये यायचं असेल तर आधीच डावा हात वर किंवा पाय बाहेर, मग रेषेच्या कडेने आत. बाहेर पडताना पिटची पांढरी रेषा संपेपर्यंत ती ओलांडायची नाही.

बाहेर गेलातच, म्हणजे वेग जास्त झाला आणि वळण बसणार नाही असं वाटलं, तर गाडी सरळ करा आणि मातीत सरळ जाऊ द्या. झुकवून वाचवायला जाल तर पडाल. मातीत पुढचा ब्रेक नको. थांबल्यावर मार्शलचा इशारा मिळाला की मगच ट्रॅकवर, आणि हळूहळू पिटमध्ये येऊन टायरमधली खडी काढायची. पडलात तर गाडी सोडून द्या. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न करू नका. अंग थांबल्यासारखं वाटतं तेव्हाही ते बऱ्याचदा सरकत असतं. मग मार्शलकडे, कठड्यामागे. गाडी उचलायला परत धावू नका.

शेवटच्या सत्राबद्दल माझं मत ठाम आहे: मांड्या थरथरत असतील, दिशा बदलताना हात जड वाटत असतील, तर ते सोडून द्या. पैसे भरलेत म्हणून चालवलेल्या शेवटच्या वीस मिनिटांत खूप जण पडतात.

परतताना

टायरची हवा रस्त्याच्या दाबाला आणल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. आरसे, नंबर प्लेट, दिव्यांवरची पट्टी, सगळं त्याच संध्याकाळी. काळोखात पट्टी विसरलेल्या टेललाइटने निघालेला माणूस महामार्गावर दिसतच नाही. चाकांचे नट, कॅलिपरचे बोल्ट, चेन पुन्हा तपासा. पॅडची जाडी बघा.

चालवत येणार असाल तर त्या रात्री निघू नका. दिवसभरानंतर ऐंशीचा वेग चालल्यासारखा वाटतो आणि अख्खा रस्ता आपलाच वाटतो. घाट उजेडात, डाव्या बाजूने, हॉर्न वाजवत.

घरी आल्यावर डिस्टिल्ड वॉटर काढून कूलंट आठवड्याच्या आत परत भरा. नुसत्या पाण्याने आतला धातू गंजतो. लेग गार्ड लावताना त्याचे बोल्ट बहुधा खारे झालेले असतील, ग्रीस लावून बसवा. आणि एका वहीत थंड आणि गरम हवेचे आकडे, कुठल्या वळणात कुठला गिअर, पॅड किती झिजले, हे ताजं असतानाच लिहून काढा. पुढच्या जानेवारीत हे आकडे कामाला येतील, तोवर एक पावसाळा जाऊन ब्रेक ऑइल पुन्हा बदलायची वेळ आलेली असेल.